काम मिळते, पण टिकत का नाही?

धागाकर्ती : उंबरठा (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी आमच्या तालुक्यात बचत गटांसोबत समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते आहे. आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाच्या, खोलीत एका कोपऱ्यात तीन शिलाई मशिनी पोत्याने झाकून ठेवलेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी गावातील तीन महिलांनी शिवणकामाचे प्रशिक्षण पूर्ण केले होते, त्यांच्यासाठी या मशिनी आल्या. त्यांपैकी दोघींचे नवरे वारलेले आहेत आणि तिसरी सासरहून परत आलेली आहे. आज तिघीही पुन्हा निंदणाला आणि कापूस वेचणीला जातात. त्या कामचुकार नाहीत, त्यांना शिवण येत नाही असेही नाही. मग मशिनी बंद का पडल्या, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, म्हणून मी एकेकीच्या घरी जाऊन बसले आणि जे ऐकले ते येथे मांडते आहे.

पहिलीकडे गेले तेव्हा ती नुकतीच कापूस मोजून देऊन आली होती. कमरेला बांधायचे ओटीचे फडके दारातल्या दोरीवर टाकलेले होते, कापसाचे तंतू केसांत अडकलेले होते आणि बोंडाच्या टोकांनी सोललेल्या बोटांना ती खोबरेल तेल लावत होती. मशीन घरी का आणली नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आनतो बाई, पन लग्नाचं ब्लाऊज माह्याकडे कोन टाकन? साधं फॉल लावाले बी सणाच्या दिवसात कोनी येत नाही.” आमच्याकडे शिवणाऱ्या बाईची खरी कमाई लग्नसराईत आणि सणांत होते, आणि नेमके तेच कपडे विधवेच्या हातून शिवून घेणे लोकांना नको वाटते. प्रशिक्षण देताना ही गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही मनात आली नव्हती, कारण शिकवणाऱ्या आणि निवड करणाऱ्या आम्ही साऱ्या जणी कुंकू लावणाऱ्या होतो.

दुसरीची हकीकत मला जास्त लागली. तिच्या नवऱ्याने चार वर्षांपूर्वी आत्महत्या केली. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपये मिळतात, त्यांतील ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीच्या रूपात. परंतु नवऱ्याचे कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे होते, त्यामुळे प्रकरण ‘अपात्र’ ठरले. पुढे शिवण येत असल्यामुळे तिला तालुक्याच्या ठिकाणी तयार कपड्यांच्या एका कारखान्यात काम लागले. पगार नियमित होता आणि बँकेत जमा होत असे. एकेचाळीसाव्या दिवशी तिने ते काम सोडले. कारखाना साडेपाचला सुटतो आणि आमच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचला निघते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते आणि त्याचा आमच्या गावातील बायकांना मोठा आधार झाला आहे, परंतु ज्या वेळेला बसच नाही त्या वेळेला ती सवलत तिच्या उपयोगाची नव्हती. ती काळीपिवळी जीपची वाट पाहत चौकात उभी राही आणि घरी पोहोचायला साडेसात वाजत. तिच्या उशिरा येण्यावरून आधी घरात आणि मग गावात बोलणे सुरू झाले. त्यातच मुलाला ताप आला, तीन दिवस खाडे झाले आणि मुकादमाने आता येऊ नको असे सांगितले.

तिने मला फोन केला नाही, कारण मी रागावेन असे तिला वाटले. माझी चूक मी येथे मोकळेपणाने लिहिते. तिला काम लागले त्या दिवशी मी वहीत तिच्या नावापुढे ‘रोजगार प्राप्त’ असे लिहिले आणि पुढच्या नावाकडे वळले. ज्या कारणांनी ती घरात अडकली होती, म्हणजे मूल, वाहन, लोकांचे बोलणे आणि डोक्यावरचे खासगी कर्ज, त्यांतील एकही कारण त्या दिवशी दूर झालेले नव्हते. मला आता असे ठामपणे वाटू लागले आहे की आपण सगळा जोर काम मिळवून देण्यावर लावतो आणि काम लागल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत तिला एकटी सोडतो, आणि गमावलेल्या कामांपैकी बहुतेक त्याच दिवसांत गमावली जातात.

आपल्या भागात ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, स्वतः भोगले आहे किंवा महिलांना कामावर ठेवले आहे, त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद : सेतूवरून

ताई, मी तालुक्याला सेतू केंद्र चालवतो, त्यामुळे या महिला माझ्या खिडकीसमोर रोज उभ्या असतात. आपल्या यादीत मी कागदांची भर घालतो. बाई एका कॅरीबॅगेत सगळे घेऊन येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते, आधारवर नवऱ्याचे, पासबुकावर आडनावाचे अक्षर वेगळे, रेशन कार्डात ती अजूनही सासऱ्यांच्या कुटुंबात. नवरा खासगी दवाखान्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात वारला असेल तर मृत्यूची नोंद तिथे झालेली असते आणि दाखला आणायला तिला तिथेच जावे लागते. कारखान्यात किंवा दुकानात कामाला लागताना आधार आणि बँक खाते जुळले नाही की पहिला पगार अडकतो. पहिला पगार दोन महिने अडकलेल्या बाईने काम सोडले तर तिला दोष देता येत नाही, कारण तिच्याजवळ दोन महिने खायला काही नसते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे रोजचे उत्पन्न ५८ रुपयांपेक्षा कमी. ज्या दिवशी बाई पगारपत्रक मिळणाऱ्या कामाला लागते, त्या दिवशी ती या मर्यादेच्या बाहेर जाते. मला महिला स्पष्ट विचारतात, “भाऊ, पगार बँकेत आला तर माझं अनुदान बंद होईल का?” मी खोटे सांगू शकत नाही. मग त्या रोख मजुरीचे काम धरतात, कारण काम कधीही सुटू शकते आणि अनुदान एकदा बंद झाले की पुन्हा सुरू करायला वर्ष जाते, अशी त्यांची धास्ती असते. त्या चुकीचा विचार करतात असे मला वाटत नाही. माझ्या मते नोकरी लागल्यावर निदान वर्षभर अनुदान सुरू ठेवले पाहिजे.

एक माहिती सर्वांसाठी देऊन ठेवतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात वारली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला चालतो. ‘अपात्र’ ठरलेल्या घरांनाही हा अर्ज करता येतो, पण पहिल्या नकारानंतर बहुतेक जण तहसीलची पायरीच चढत नाहीत.

प्रतिसाद : काळी माती

धाग्यातील तळमळ पोहोचली, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. मी वाशीम जिल्ह्यात शेती करतो. ज्या घरात चार एकर जमीन आहे त्या घरातील बाईला आपण पंधरा किलोमीटरवरच्या कारखान्यात का पाठवतो? तिचे कायमचे काम तिच्या शेतातच आहे, फक्त शेत तिच्या नावावर नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलांइतका आणि सासूइतकाच तिचा वाटा असतो. तरीही आमच्या गावात नवरा वारल्यावर तेराव्यापर्यंत तिच्या दिराने तलाठ्याकडे चक्कर मारलेली असते आणि तिला फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावाचा बदल, काय असतो तेही माहीत नसते. सातबाऱ्यावर नाव नसले की पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, हमीभावाने तूर विकायची तरी नोंदणी दुसऱ्याच्या नावाने. मग ती स्वतःच्या शेतात मजुरासारखी राबते. वारस नोंदीचा अर्ज लवकरात लवकर द्यावा, फेरफाराची नोटीस निघाली की ती स्वतः वाचून घ्यावी आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी कोणालातरी दाखवावे. एवढे जरी बचत गटाने पाहिले तरी अनेक घरे सावरतील.

प्रतिसाद : उंबरठा

काळी माती दादा, आपले म्हणणे मला पटते आणि हक्कसोडपत्राचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत घेणार आहे. बहिणीचे आणि भावजयीचे नाव ‘नुसती सही कर’ म्हणून कसे उडवले जाते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण दोन अडचणी राहतात. जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल आणि ते हयात असतील तर सुनेला त्यात आज वाटा मागता येत नाही. शिवाय आपली शेती बहुतांशी कोरडवाहू आहे. कापसाचा पैसा दिवाळीनंतर एकदा येतो आणि त्यातून कृषी केंद्राची उधारी आधी जाते. मुलाची फी, गॅस, दवाखाना हे दर महिन्याला लागते. म्हणून मी जिला जमीन आहे तिला जमीन सोडायला सांगत नाही, पण तिच्या हातात महिन्याचे काहीतरी असावे असा माझा आग्रह आहे. नाही तर पहिल्याच नापिकीला तो वाटा गहाण पडतो.

प्रतिसाद : हळदीचा हात (वर्धा जिल्हा)

मी मालकाच्या बाजूने लिहिते. समुद्रपूर तालुक्यात आमचा हळद आणि मसाल्याचा छोटा उद्योग आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर मागणी वाढली, तेव्हा मी कामाला महिला ठेवायला सुरुवात केली आणि पहिल्या वर्षी सारख्या बायका बदलत राहिल्या. तेव्हा मीही इतरांसारखीच म्हणत असे की या बायकांना कामाची सवय नाही.

मग एके दिवशी एक बाई अकरा वाजता धापा टाकत आली. मी बोलण्याआधीच तिने हात पुढे केला. हाताला ओले शेण होते, ते धुवायलाही ती थांबली नव्हती. पहाटे साडेचारला उठून पाणी, गोठा, सासूचे पथ्याचे जेवण आणि दोन मुलांची शाळा एवढे उरकून ती साडेतीन किलोमीटर चालत आली होती. माझी नऊची वेळ मी कोणाच्या घड्याळावरून ठरवली होती, असे त्या दिवशी मला वाटले. त्यानंतर मी वेळ साडेदहा ते साडेचार केली. शाळेच्या वेळेशी ती जुळली आणि उशिरा येणे जवळजवळ थांबले. सहा तासांत आठ तासांचे काम होत नाही हे खरे आहे, पण दर महिन्याला नवी बाई शिकवण्यात जो माल वाया जात होता तो आता जात नाही.

दुसरा बदल असा की प्रत्येक कामाला मी दोघींची जोडी लावली. भाजणीवर एक नसेल तर दुसरी ते काम ओढून नेते. त्यामुळे मूल आजारी पडले तर सुट्टी मागायला बाईला भीती वाटत नाही. आणि पहिले तीन महिने मी पगार आठवड्याला देते. महिन्याने येणाऱ्या पगाराची वाट पाहण्यासाठी घरात थोडा दाणागोटा असावा लागतो. ज्या घरात संकट होऊन गेले आहे तिथे तो नसतो.

आता आम्ही अकरा जणी आहोत. दहा किंवा अधिक माणसे कामाला असली की लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, ती मी केली आहे, कारण ज्या बाईच्या मागे घरात पुरुष नाही तिच्याकडे माल न्यायला येणारा गाडीवालाही वेगळ्या नजरेने पाहतो. समितीचा कागद भिंतीवर लावल्यापासून ते बोलणे बंद झाले. आमच्यासारखा उद्योग काढायचा असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे आणि बचत गटातील सदस्याला बीज भांडवल म्हणून ४०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. उंबरठा ताई, आपल्या तीन मशिनींसाठी एक सुचवते. ब्लाऊजऐवजी पिशव्या शिवून घ्या. मलाच कापडी पिशव्या लागतात, आणि पिशवी कोणी शिवली हे कोणी विचारत नाही.

प्रतिसाद : पुन्हा शाळेत

मी अमरावती जिल्ह्यातील आहे. आजवर या विषयावर कुठेही लिहिलेले नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही.

नवऱ्याने मला सोडले तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. घटस्फोट झाला नाही, फक्त त्याने दुसरे घर केले. मी माहेरी आले. भाऊ चांगला आहे, पण घर दोन खोल्यांचे होते आणि मी त्यात जास्तीची झाले होते. पहिले सहा महिने मी काहीच करू शकत नव्हते. रात्री झोप येत नसे आणि दिवसा उठवत नसे. लोक मला काम सांगत होते आणि मी कामाला जात नाही म्हणून आई रडत होती. मला आळस आलेला नव्हता, मी आजारी होते, हे मला उपजिल्हा रुग्णालयातील समुपदेशक बाईंनी सांगितले. आज मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर फोन लावला तर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. तेव्हा असे काही मला माहीत नव्हते. बाईला कामाला लावण्याआधी तिला झोप लागते का, ती जेवते का, एवढे विचारा, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे.

माझी शाळा नववीत सुटली होती. एकोणतिसाव्या वर्षी मी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसले. परीक्षेच्या वर्गात माझ्या पुढच्या बाकावर माझ्या वर्गमैत्रिणीचा मुलगा होता. तो मला मावशी म्हणतो. त्याने मागे वळून माझ्याकडे एक जास्तीची पट्टी सरकवली, कारण माझ्याकडे कंपासपेटी नव्हती. गणितात दोन वेळा नापास झाले, तिसऱ्यांदा सुटले. मग त्याच पद्धतीने बारावी केली. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी ही अट आहे. वयाची मर्यादा ३५ आहे आणि विधवांना ४० पर्यंत सूट आहे. मला ती सूट लागू नव्हती, कारण नवरा जिवंत होता. चौतिसाव्या वर्षी माझी निवड झाली. आणखी एक-दोन वर्षे उशीर झाला असता तर सगळे शिक्षण असून उपयोग झाला नसता. म्हणून तिशीच्या आतबाहेर असलेल्या, दहावी राहिलेल्या महिला आपल्या गटात असतील तर त्यांना मशीन देण्याआधी हा फॉर्म द्या.

मला लोक विचारतात की जिद्द कुठून आणली. खरे सांगते, आमच्या शेजारी एक म्हातारी आजी राहायच्या. त्यांचे आमचे नाते नव्हते, जातही वेगळी. रोज दुपारी अडीच तास त्या माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसत आणि मला सांगत, “जाय, वाचून ये.” मी शाळेच्या ओट्यावर जाऊन वाचत असे. त्या अडीच तासांवर माझी नोकरी उभी आहे. निवडीचे पत्र आले तेव्हा आजी नव्हत्या.

प्रतिसाद : साधा प्रश्न

वरचा प्रतिसाद वाचून गहिवरून आले. तरीही मनात एक शंका आहे ती आदराने विचारतो. वेळ बदलून द्या, आठवड्याला पगार द्या, मूल सांभाळा, सोबत जा, असे सगळे करत राहिलो तर बाई स्वतःच्या पायावर उभी कशी राहणार? कुठेतरी हात सोडावा लागेल ना? किती दिवस हात धरायचा?

प्रतिसाद : उंबरठा

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तसेच उत्तर देते.

आमच्या गावातील एक तरुण गेल्या वर्षी पुण्याजवळ चाकणला कंपनीत लागला. त्याच्या आधी गेलेल्या मित्राने त्याला दोन महिने खोलीत ठेवून घेतले. आईने पहिल्या महिन्याचे पैसे आणि डाळ-तांदूळ बांधून दिले. त्याची बायको आणि दोन मुले येथे आई-वडिलांकडे आहेत, त्यांचे आजारपण, शाळा, पाहुणे सगळे त्याच्याविना चालते. आठ दिवसांनी तो परत पळून आला होता, तेव्हा वडिलांनी त्याला समजावून बसमध्ये बसवून दिले. एवढ्या माणसांनी त्याला धरून ठेवले तेव्हा त्याची नोकरी टिकली, आणि त्याला कोणी परावलंबी म्हटले नाही. ज्या बाईविषयी आपण बोलतो आहोत तिचे हेच सगळे आधार एका दिवसात तुटलेले असतात. आपण तिला काही जास्तीचे देत नाही, जे इतरांना घरातूनच मिळते त्यातील थोडे परत देतो.

आणि किती दिवस, याचे उत्तर माझ्या अनुभवात साधारण वर्षभर असे आहे. पहिले तीन महिने घट्ट धरावे लागते, पुढे फोनवरही भागते. स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या नियमांतही प्रशिक्षणानंतर दोन वर्षांचा पाठपुरावा धरलेला आहे. तो कागदावर राहतो, कारण त्यासाठी गावात माणूस नेमलेला नसतो. आमच्यासारख्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांना गटांची नोंदणी, बँकेचे प्रस्ताव आणि मेळावे यांतून वेळ उरत नाही, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण जे आहे ते आहे.

आणखी एक निरीक्षण लिहिते. गावात कामाची बातमी कुठे कळते? विहिरीवर, दळणाच्या चक्कीवर आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवात. अमुक शाळेत पोषण आहाराला स्वयंपाकीण हवी आहे, आशाताईची जागा निघणार आहे, हे सगळे वाण लुटताना बोलले जाते. विधवा बाईला तिथे बोलावणेच नसते, त्यामुळे जागा भरली गेल्यावर तिला कळते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. पुष्कळांना ती फक्त मानसन्मानाची गोष्ट वाटते. मला ती रोजगाराचीही वाटते. आम्ही या संक्रांतीला वाणाचा कार्यक्रम ग्रामसंघातर्फे ठेवणार आहोत आणि सर्व महिलांना बोलावणार आहोत. दोन गटांचा विरोध आहे, त्यांच्याशी बोलणे सुरू आहे.

प्रतिसाद : तालुक्याची वकील

थोडक्यात भर घालते. तिसऱ्या महिलेविषयी, म्हणजे सासरहून परत आलेल्या ताईंविषयी धाग्यात पुढे काही आले नाही. मारहाणीमुळे घर सोडावे लागले असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तातडीच्या वेळी १८१ हा क्रमांक आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रात काही दिवस राहण्याची सोय असते. पोटगीसाठी घटस्फोटाची गरज नाही. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मागितली जाई, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागितली जाते. नोकरी लागली तर पोटगी मागता येत नाही, हा गैरसमज अनेक जणींना काम धरू देत नाही. बाईचा पगार न्यायालय विचारात घेते, पण तेवढ्यावरून तिचा आणि विशेषतः मुलांचा हक्क संपत नाही. तारखेच्या दिवशी खाडा पडतो म्हणूनही नोकरी जाते, तेव्हा मालकाला आधी कल्पना द्यावी आणि मी तर पक्षकार महिलेची तारीख शक्य तेव्हा तिच्या सुट्टीच्या वारी मागून घेते.

प्रतिसाद : जुना वाहक

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो आहे. उंबरठा ताई, आपल्या सव्वापाचच्या गाडीचे काही होऊ शकते. एकट्या बाईने विनंती केली तर आगारात ती तोंडी राहते. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात रोज प्रवास करणाऱ्या महिलांची संख्या, गाव आणि कामाची सुटण्याची वेळ लिहा, वाटेतील दोन गावांचेही ठराव सोबत जोडा आणि आगार व्यवस्थापकांना देऊन पोच घ्या. एक प्रत विभाग नियंत्रकांना द्या. नवी फेरी मागू नका, ती लवकर मिळत नाही. आहे तीच फेरी पाऊण तास पुढे मागा. त्या मार्गावर शाळेची मुले त्या गाडीने परततात का हे आधी पाहा, कारण त्यांची गैरसोय होत असेल तर आगार हलणार नाही.

प्रतिसाद : उंबरठा

वाहक काका, आपला सल्ला मी आजच वाचून दाखवला. शाळेची मुले साडेचारच्या गाडीने परततात, म्हणजे आपण सांगितलेली अडचण आमच्याकडे नाही. वाटेतील एका गावाने होकार दिला आहे, दुसऱ्या गावच्या सरपंच ताईंना उद्या भेटते. यादी करायला बसलो तेव्हा कळले की तालुक्याला कामाला जाऊ शकतील अशा आमच्या तीन गावांत मिळून चौदा महिला आहेत. मला चार-पाच वाटत होत्या.

हळदीचा हात ताई, आपल्या पिशव्यांचे माप आणि कापडाची जाडी कळवावी. दोन मशिनी काल पोत्याखालून काढल्या, एकीचा पट्टा तुटला आहे, तो बुधवारच्या बाजारातून आणू. समाजमंदिराची मागची खोली सरपंचांनी सकाळी दहा ते पाच वापरायला दिली आहे. अंगणवाडी तीन वर्षांपुढील मुलांना घेते आणि दुपारीच सुटते, म्हणून त्याहून लहान मुलांची आणि दुपारनंतर सगळ्यांची सोय तेथे करायची आहे. गावातील दोन वयस्क बायका मुले सांभाळायला तयार आहेत. त्यांना ग्रामसंघाने महिन्याला काय द्यावे यावर अजून एकमत झालेले नाही. कोणाच्या गावात असे केले असेल तर किती देता ते लिहावे.

वकील ताई, तिसऱ्या महिलेशी मी आपले उत्तर वाचूनच बोलले. ती गुरुवारी माझ्यासोबत संरक्षण अधिकाऱ्यांकडे यायला तयार झाली आहे, फक्त तिला बसमध्ये खिडकीजवळ बसायचे नाही, वाटेत सासरचे गाव लागते.

कारखान्याचे काम सोडलेल्या ताईंच्या जुन्या मुकादमांना मी काल फोन केला. त्यांनी सांगितले की बसची वेळ बदलली तर ते तिला परत घेतील. तिला अजून हे सांगितलेले नाही. आगाराकडून काही लेखी आले की मगच सांगेन.